येत्या वर्षीची सात पुस्तकं

फेल्त्रे, ६ ऑक्टोबर १९९१

प्रिय ओरेस्ते,

चाळिसावं पान काल संपवलं. तुझा कप्तान ग्रेकाल आता जहाजाच्या पोटात साखळदंडाने बांधलेला आहे, पाणी गुडघ्यांपर्यंत आलंय आणि बाहेर तेरा बुडालेले खलाशी दार ठोठावतायत. तेरा! सहा असते तर काही बिघडलं असतं का? प्रत्येकाच्या दाढीत शेवाळ रेखाटता रेखाटता माझी बोटं वळली. नीवेस मागून बघत होती. म्हणाली, "त्या तुमच्या मित्राला सांगा, पुढच्या वेळी भुतं दाढी करून पाठव."

आता पुढची दहा पानं पाठव. बावीस वर्षं तू लिहितोस आणि मी चित्रं काढतो, आणि बावीस वर्षं तू मला दहा-दहा पानंच पाठवतोस. शेवट विचारायचा नाही हे मी पहिल्याच वर्षी शिकलो. "शेवट ठाऊक असलेला चित्रकार पहिल्या पानापासून सुतकी चेहरे काढतो," असं तूच लिहिलं होतंस. पण गड्या, हा आपल्या चित्रकथेचा दोनशेवा अंक आहे. यानंतर कप्तान नाही. एप्रिलमध्ये लोक स्टॉलवर येतील ते एवढ्यासाठीच, की हा माणूस एकदाचा घरी पोचतो की बुडतो. मला सांगू नकोस. फक्त तुला ठाऊक आहे, एवढं सांग.

प्रकाशकाचं पत्रक आलं. 'येत्या वर्षी ओरेस्ते गील्योने यांची सात नवी पुस्तकं.' सात! दोनशेवा अंक धरून. नंतर तुरीनमधल्या डॉक्टरीणबाई आणि त्यांचे रक्तपिपासू रोगी, ही नवी मासिक मालिका. मिठागरातल्या खुनाची कादंबरी. रेडिओसाठी चार भागांचं नाटक. चाच्यांचा रंगीत ग्रंथ. दीपगृहावरच्या भयकथा. आणि सातवं, नेहमीचं, 'जेवणाची वेळ'. हे अकरा वर्षं जाहीर होतंय आणि मी त्याचं एक पानही पाहिलेलं नाही. यात भुतं जेवतात की कोणाला तरी जेवतात? नीवेस म्हणते, तुझं वय चौसष्ट, पुस्तकं सात, तेव्हा निदान एक तरी बायको करून घे म्हणजे टंकलिखित पानं कोणीतरी लावून ठेवील.

फोन करू नकोस. फोनमध्ये मला नुसत्या माशा घोंगावलेल्या ऐकू येतात.

तुझा
अल्वीझे

कामोल्यी, २४ ऑक्टोबर १९९१

श्री. अल्वीझे दाल मोलिन यांस,

आपलं ६ तारखेचं पत्र मिळालं. मी ओरेस्तेची थोरली बहीण. आम्ही दोघं एकाच घरात राहतो. जिन्यावरून घसरून त्याचा उजवा हात दुखावला आहे, त्यामुळे सध्या तो लिहू शकत नाही. गंभीर काही नाही.

पानं ४१ ते ५० सोबत पाठवत आहे. ती टंकलेखन करून आधीच तयार होती. मी ती वाचलेली नाहीत. भावाचं लिखाण मी वाचत नाही. सदतीस वर्षं मुलींच्या शाळेत भूमिती शिकवली, भुतांशी संबंध आला नाही.

दोन सूचना. यापुढे पत्रं माझ्या नावे पाठवावीत. आणि हाताबद्दल प्रकाशकाला काही कळवू नये. लेखक आजारी पडला की ते लोक आठवड्याभरात दुसरा माणूस आणतात, असं ओरेस्तेच सांगत असे. हा अंक त्याचाच राहायला हवा, शेवटच्या पानापर्यंत. तसा मी त्याला शब्द दिला आहे.

आपल्या पत्नीच्या सूचनेबद्दल: पानं लावून ठेवायला मी समर्थ आहे.

एर्सीलिया गील्योने

फेल्त्रे, ९ नोव्हेंबर १९९१

आदरणीय बाई,

तुमच्या पत्राने मला थेट शाळेतल्या बाकावर नेऊन बसवलं. मी नखं तपासून मगच हे लिहायला घेतलं आहे.

ओरेस्तेला सांगा, जिना उतरताना पायाखाली बघ, पुढच्या मालिकांकडे नको. आणि त्याला हेही सांगा की एकेचाळिसावं पान वाचून मी खुर्चीतून उठलो आणि घराला एक चक्कर मारून आलो.

काय उडी मारली आहे त्याने! चाळिसाव्या पानावर कप्तान साखळदंडात आहे, आणि एकेचाळिसाव्यावर एकदम एक स्वयंपाकघर. वर लहानशी खिडकी. टेबलाशी बसून तो शेंगा सोलतोय. कसा सुटला, खलाशांचं काय झालं, एक अक्षर नाही. त्याला 'ग्रेकाल' असंही म्हटलेलं नाही, नुसतं 'तो'. जणू समुद्राबरोबर नावही काढून दाराशी ठेवलं. आणि घरात एक बाई आहे. तो समुद्रावरून येतो, खांद्यावर शेवाळ, खिशात बुडालेल्या माणसाचा अजून धुमसणारा पाइप. तो पाइप टेबलावर ठेवतो. बाई बघते, पाइप बाजूला सारते, तिथे ताटली मांडते आणि म्हणते, "हात धू."

बावीस वर्षांत त्याने असं काही लिहिलेलं नाही. तो वादळं लिहितो आणि मी डोंगरात बसून ती काढतो. खरं वादळ मी कधी पाहिलेलं नाही. पण स्वयंपाकघर मला ठाऊक आहे. त्याला एवढंच विचारा: ही बाई दिसते कशी? त्याने लिहिलंय, 'उभी. ताठ. बाकी तुला सुचेल.' मला सुचत नाही. आणि ही उडी जाणूनबुजून आहे ना? पुढे कुठे तरी मागचा धागा जोडणार आहे ना?

आपला
अल्वीझे दाल मोलिन

कामोल्यी, १६ नोव्हेंबर १९९१

श्री. दाल मोलिन यांस,

आपले प्रश्न ओरेस्तेला वाचून दाखवले. लिहिलं आहे तसं काढा, असं त्याचं म्हणणं आहे.

पानं ५१ ते ६० सोबत आहेत. पुढची जानेवारीत पाठवीन. हाताला अपेक्षेपेक्षा वेळ लागतो आहे आणि तो चिडचिडा झाला आहे. मी पानं पाकिटात घालत असताना त्याने टेबलावर असा हात आपटला की शाई सांडली. आजारी माणसं हट्टी होतात. मी त्याला रागावले.

एर्सीलिया गील्योने

फेल्त्रे, ४ डिसेंबर १९९१

आदरणीय बाई,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता चौथं जसं येईल तसं पाठवतो.

एक्कावन्न ते साठ काढून झाली. आता त्या बाईला चेहरा नाही असं मला म्हणता येत नाही. मी तिचा चेहरा तुमच्या पत्रांवरून काढला. तुम्हाला मी पाहिलेलं नाही, ओरेस्तेलाही जन्मात दोनदा भेटलो. पण पानावरची बाई म्हणते, "रेषा ओढायची तर पट्टी घे, नाहीतर ओढूच नको," आणि मला तुमचं अक्षर दिसतं. नीवेसने चित्र पाहिलं आणि विचारलं, "ही कोण? हिला बघून मला पदर सावरावासा वाटतो." नीवेसला पदर नसतो, एप्रन असतो, पण तिला जे म्हणायचं होतं ते मला समजलं.

बाई, ही पानं तुम्ही वाचलीत का?

आणि दुसरं. ओरेस्तेने बावीस वर्षांत एकही पाकीट शिवी घातल्याशिवाय पाठवलेलं नाही. दर पाकिटात एक चिठ्ठी असायची: घोडे काढता येत नाहीत तर गाढवं काढ, अशी काही तरी. दोन पाकिटं आली, एकातही शिवी नाही. उजवा हात मोडला तर डाव्याने शिवी लिहिता येते.

त्याला खरं काय झालं आहे? मला ऐकू कमी येतं. दिसतं नीट.

आपला
अल्वीझे

कामोल्यी, ११ डिसेंबर १९९१

श्री. दाल मोलिन,

आपण सरळ विचारलंत, सरळ उत्तर देते. मी खोटं लिहिलं.

९ ऑक्टोबरला सकाळी दाढी करता करता ओरेस्ते कोसळला. मेंदूचा झटका. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, लिहिणं-वाचणं गेलं. त्याला ऐकलेलं समजतं, बरंचसं. बोलायला एकच शब्द उरला आहे: 'उद्या'. पाणी हवं असलं तरी उद्या, उशी उंच झाली तरी उद्या. डॉक्टर म्हणतात, अशा आजारात एखादा शब्द अडकून राहतो, त्यात काही अर्थ शोधू नये.

आता दुसरं, जे जास्त वाईट आहे.

त्याच्या खणात तीन गठ्ठे होते. टंकलेखनाच्या प्रती. तिन्हींत पानांचे आकडे एकपासून सुरू आणि वरच्या कोपऱ्यात आकड्याखेरीज काही नाही. तुमच्याकडे चाळीस पानं पोचली होती. मी सगळ्यात वरचा गठ्ठा घेतला, एकेचाळिसावं पान शोधलं आणि तिथून दहा पानं मोजली. आकृतीला नावं दिली नाहीत म्हणून मी सदतीस वर्षं मुलींचे गुण कापले. एक माणूस एकाच वेळी तीन गोष्टी लिहीत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

तुमचं पत्र आल्यावर तो गठ्ठा पहिल्यापासून वाचला. पहिल्या पानावर शीर्षक आहे: 'जेवणाची वेळ'.

कप्तानाचा त्याच्याशी काही संबंध नाही. 'तो' म्हणजे ओरेस्ते. बाई म्हणजे मी. तुमची वीस पानांची मेहनत मी फुकट घालवली. क्षमा मागते.

ते सगळं आमचंच स्वयंपाकघर आहे. तो रोज संध्याकाळी वरच्या खोलीतून खाली येत असे आणि टेबलाशी उभा राहून म्हणत असे, "आज काय झालं ठाऊक आहे का?" म्हणजे गोष्टीत काय झालं. आणि मी म्हणत असे, हात धू. कधी म्हणत असे, उद्या सांग, सूप गार होतंय. साठाव्या पानावर तो विचारतो, "आज सांगू का?" आणि ती म्हणते, "उद्या." तिथे गठ्ठा संपतो.

शब्दात अर्थ शोधू नये असं डॉक्टर म्हणतात. त्यांचं बरोबर असेल.

एक गोष्ट मात्र मी आता ओळखली आहे. पानं काढायला मी तो गठ्ठा हातात घेतला की ओरेस्ते उद्या, उद्या असं ओरडायचा आणि डाव्या हाताने टेबल बडवायचा. मी त्याच्या कागदांना हात लावते म्हणून चिडतो, असं मला वाटलं. मी म्हटलं, "ओरेस्ते, लहान मुलासारखं करू नकोस." तो मला सांगत होता की गठ्ठा चुकीचा आहे. दोन महिने सांगत होता. सुरुवातीला त्याला बरीच ताकद होती. आता तो फारसा सांगत नाही.

कप्तानाचा खरा गठ्ठा मधला निघाला. त्यात ७२ पर्यंत पानं आहेत. ४१ ते ७२ सोबत पाठवते. ७३ ते ९६ कुठेच नाहीत. खण, कपाटं, गादीखाली, सगळं पाहिलं. ती चोवीस पानं त्याच्या डोक्यात आहेत.

आज मी वृत्तपत्रांच्या स्टॉलवर गेले. शेवटाचा अंदाज यायचा तर आधीचं वाचायला हवं, आणि घरात त्याचा एकही अंक नाही. ही रद्दी घरात नको, असं मी १९६९ मध्ये सांगितलं होतं. त्याने ते पाळलं.

"बाच्चिन, कप्तान ग्रेकाल द्या," मी म्हटलं.

"कुठला अंक, बाई?"

"सगळे."

त्याने चष्म्यावरून पाहिलं. "विहीर घरात आणि पाणी बाजारातून?"

"कसली विहीर? माझा भाऊ जहाज कंपनीत आहे."

"हो तर," बाच्चिन म्हणाला, "गेली वीस वर्षं आम्ही सगळे तुमच्यासमोर तेच म्हणतो. ओरेस्तेने बजावून ठेवलं आहे. बहिणीला संकोच वाटतो, तिच्या देखत विषय काढायचा नाही." मग तो मागच्या खोलीत गेला आणि दोन खोकी घेऊन आला. त्याचा स्वतःचा संच. "विकायचा नाही. वाचून परत करा. आणि बाई, पानांचे कोपरे दुमडू नका."

गाव गप्प बसलं ते माझ्यासाठी. आणि मी समजत होते की मी त्याची लाज झाकते आहे.

एर्सीलिया गील्योने

फेल्त्रे, १७ डिसेंबर १९९१

आदरणीय बाई,

तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ लाकडं फोडली. लागणार होती त्याहून जास्त फोडली.

चूक तुमची नाही. आमचा धंदाच असा. कुठलाही लेखक एका वेळी तीन गोष्टी लिहितो, आज एकाला दहा पानं, उद्या दुसऱ्याला. नावं लिहीत नाहीत कारण पाकीट भरणारा आणि लिहिणारा एकच असतो. मी ओळखायला हवं होतं. साखळदंडातून एकदम शेंगांकडे! माझ्या बोक्यालाही संशय आला असता. पण मला ते इतकं आवडलं की मी शंकेला घरात घेतलंच नाही. चित्रकाराने शहाणं असावं अशी अट कोणी घातलेली नाही.

वीस पानं फुकट गेली असं पुन्हा लिहू नका. माझी आजवरची सगळ्यात चांगली पानं तीच आहेत.

कप्तानाची पानं काढायला घेतली आहेत. फेब्रुवारीअखेर सगळं प्रकाशकाकडे जायला हवं. म्हणजे शेवट आता ओरेस्तेकडूनच काढायला हवा आणि लवकर. तो वाचू शकत नसला तरी चित्र बघू शकेल. सोबत सहा छोटी चित्रं पाठवतो. कप्तान बुडतो. कप्तान बंदराला लागतो. जहाज जळतं. तो सुकाणू दुसऱ्याच्या हाती देतो. तेरा खलाशांना सोडवून आपण चौदावा होतो. आणि सहावं, तो समुद्रात चालत जातो. हे नीवेसने सुचवलं. ओरेस्तेसमोर मांडा. एकावर जरी बोट ठेवलं तरी बाकीचं मी सांभाळतो.

त्याला माझ्याकडून एक शिवी द्या. कुठलीही. तुम्हाला येत नसेल तर "गाढवं काढ" एवढंच म्हणा.

आपला
अल्वीझे

कामोल्यी, ८ जानेवारी १९९२

प्रिय दाल मोलिन,

"गाढवं काढ," असं मी म्हटलं. तो हसला. तोंडाची एकच बाजू हसते आता, पण हसला.

रोज दुपारी मी त्याला एक-दोन अंक वाचून दाखवते. चव्वेचाळीसपर्यंत आले आहे. वाचताना मी चुका दाखवते, सवयच आहे. बत्तिसाव्या अंकात पौर्णिमा दोनदा येते, नऊ दिवसांच्या अंतराने. मी म्हटलं, "ओरेस्ते, हे कसं शक्य आहे?" त्याने खांदा उडवला, एक. एकोणचाळिसाव्यात मात्र मी पानं उलटायचं थांबले नाही आणि चुलीवर सूप लागलं. त्याला वास आला. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला उठून आत जावं लागलं.

आता चित्रांचं. परवा तो ताजातवाना होता. मी सहाही चित्रं टेबलावर ओळीने मांडली आणि सावकाश सांगितलं, "ओरेस्ते, शेवट. यातला कुठला?"

त्याने पहिलं चित्र डाव्या हाताने बाजूला सारलं. मग दुसरं. मला वाटलं एक उरेल. सहाही सारली. मग टेबलाच्या मधोमध, जिथे काहीच नव्हतं तिथे, बोट ठेवलं आणि दाबून धरलं.

"इथे काय आहे?" मी विचारलं.

"उद्या," तो म्हणाला. चिडून नाही. समजावून सांगावं तसा म्हणाला.

मी कोरा कागद ठेवला, डाव्या हातात पेन्सिल दिली. एक रेघ आली. आडवी आहे. क्षितिज असेल, टेबलाची कड असेल, दोन्ही नसेल. सोबत पाठवते. तुम्हाला काही दिसतं का पहा. मला भूमितीखेरीज काही दिसत नाही.

ऑक्टोबरमध्ये हे केलं असतं तर त्याने कदाचित सांगितलं असतं. मी पाकिटं भरत बसले.

तुमची आणखी चित्रं पाठवा. लवकर.

एर्सीलिया गील्योने

फेल्त्रे, ३० जानेवारी १९९२

आदरणीय बाई,

परत येताना गाडीतून उतरलो आणि बर्फात उभा राहून विचार केला की तुम्हाला नीट निरोपही दिला नाही. चर्चबाहेर इतकी गर्दी होती. बाच्चिनने माझा हात धरून कानात काही तरी ओरडून सांगितलं, मला एवढंच ऐकू आलं की दोनशे अंक. तुम्ही मात्र रडला नाहीत. लोक म्हणाले, बाई कडक आहेत. मी तुमच्या मागच्या बाकावर होतो. प्रार्थनेचं पुस्तक तुम्ही उलटं धरलं होतं.

मी दुसरी बारा चित्रं काढून ठेवली होती. १४ तारखेला तुमची तार आली तेव्हा ती पाकिटात घातलेली होती, तिकीट लावायचं राहिलं होतं.

घरी जेवायला थांबवलंत, आभार. खिडकी मी चुकीच्या भिंतीवर काढली होती. ती पानं दुरुस्त केली.

आता वाईट बातमी, तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी. ओरेस्ते गेल्यावर लपवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून ७२ पर्यंतची सगळी पानं मी प्रकाशकाकडे दिली आणि चोवीस नाहीत हे सांगितलं. मी सुचवलं की अंक बहात्तराव्या पानावर थांबवा, खाली लिहा: लेखकाने इथवर लिहिलं. ते म्हणाले, वाचक पूर्ण गोष्टीसाठी वीस वर्षं थांबले आहेत. त्यांनी दुसऱ्या लेखकाकडून शेवट लिहून घेतला. मला पाठवला. माणूस वाईट लिहीत नाही. कप्तान तेरा खलाशांसकट बुडतो, चंद्र उगवतो.

मी ती पानं काढायला नकार दिला. त्यांना दुसरा चित्रकार मिळाला. तेव्हा कप्तान माझ्याही हातून गेला. नीवेस म्हणाली, "बरं झालं, आता घरात समुद्राचा वास येणार नाही." मग माझं टेबल तीनदा पुसलं.

तुम्ही त्याला दिलेला शब्द माझ्याच्याने राखला गेला नाही. मी प्रयत्न केला.

ती आडवी रेघ मी टेबलासमोर भिंतीवर लावली आहे. मलाही काही दिसत नाही.

आपला
अल्वीझे

कामोल्यी, ३ मे १९९२

प्रिय अल्वीझे,

शब्द मी दिला होता, तुम्ही नाही. तो मोडल्याचा हिशेब माझ्याकडे राहू द्या.

दोनशेवा अंक बाच्चिनने स्टॉलवर लावला नव्हता. मी मागितला तेव्हा खालून काढून दिला. "वाचू नका, बाई," म्हणाला. वाचला. शेवट नीटनेटका आहे, ओरेस्तेचा नाही. एकशे नव्व्याण्णव अंक मी आता वाचले आहेत, त्यातले काही दोनदा. त्याने समुद्राला कधी जिंकू दिलं नाही आणि कधी हरूही दिलं नाही. त्याने काय केलं असतं ते मला सांगता येणार नाही, पण हे केलं नसतं एवढं सिद्ध करता येतं.

प्रकाशकाचं पत्र आलं आहे. यंदाच्या पत्रकात ते त्याची उरलेली सहाही पुस्तकं पुन्हा जाहीर करू पाहतात. 'गील्योने यांच्या कल्पनेवरून', दुसऱ्यांकडून लिहून घेऊन. तुरीनच्या डॉक्टरीणबाई त्यांनी खुशाल घ्याव्यात. मिठागराचा खूनही. तिसऱ्या गठ्ठ्यात त्याची अकरा पानं आहेत. खुनी कोण ते मला सहाव्या पानावर कळलं. पण 'जेवणाची वेळ' मी दिलेली नाही. ती पूर्ण करायला एक तरुण बाई तयार आहेत, फार संवेदनशील लिहितात, असं कळवलं आहे. मी उत्तर एका ओळीत दिलं.

तुम्ही काढलेली वीस पानं माझ्याकडे पोचली. मी मागाहून पाठवलेली 'जेवणाची वेळ'ची पहिली चाळीसही तुम्ही काढायला घेतली आहेत असं नीवेसच्या चिठ्ठीवरून कळलं. (तिचं अक्षर तुमच्यापेक्षा चांगलं आहे.) कोणी छापणार नाही हे ठाऊक असून काढताय. मी तुम्हाला थांबवत नाही. माझ्या नाकाबद्दल एक सूचना आहे, ती भेटीत सांगेन. जूनमध्ये दोघं या. समुद्र बरा असतो. वादळ मात्र ठरवून दाखवता येणार नाही.

आता काम. साठाव्या पानावर गठ्ठा संपतो. ती 'उद्या' म्हणते आणि संपतं. मला ते तसं संपवायचं नाही. मी लेखिका नाही. चार महिने कागद समोर ठेवून बसले आहे. त्याची पानं पाहून त्याच पद्धतीने एक पान टंकित केलं आहे, एका बोटाने. सहा चौकटी. वर नाव घातलं आहे. चुका असतील तर सांगा, पण शब्द बदलू नका.

'जेवणाची वेळ'. पान ६१.

पहिली चौकट. ती पळी ठेवते, खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसते. म्हणते, "सांग."

दुसऱ्या चौकटीपासून सहाव्यापर्यंत तो बोलतो आहे. ती ऐकते आहे. पाचही चौकटींत त्याच्या तोंडाशी संवादाचे फुगे काढा, मोठे, चौकट भरून जाईल इतके. आत काही लिहू नका. तो काय म्हणाला असता ते मला ठाऊक नाही आणि इतर कोणी ते ठरवायचं नाही.

त्याचे हात धुतलेले नाहीत. तसेच राहू द्या.

टेबलावर सूप आहे. वाफ काढू नका.

तुमची
एर्सीलिया